स्मार्टफोनची ओढ : तरुण मनात नेमके काय घडते?

मंडळाच्या कार्यक्रमात, लग्नकार्यात किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गटात दोन पालक भेटले की हा विषय निघतोच : "मुलाच्या हातातला मोबाइल सुटत नाही, काय करावे?" त्यावरची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणते, संस्कार कमी पडले. कोणी म्हणते, आजकाल सगळीच मुले अशी, सोडून द्या. पहिल्या उत्तराने पालकांना अपराधी वाटते, दुसऱ्याने ते निर्धास्त होतात. मुलाला मात्र दोन्हींचा उपयोग होत नाही.

या विषयावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. त्यातले जे घरात उपयोगी पडेल, ते आम्ही येथे एकत्र मांडत आहोत. मुख्य सूत्र एवढेच की मोबाइल मुलाची कोणती तरी गरज भागवत असतो, आणि ती गरज ओळखल्याशिवाय तो हातातून सुटत नाही.

‘व्यसन’ हा शब्द कधी वापरावा?

आपण बोलताना ‘मोबाइलचे व्यसन’ असे सहज म्हणतो. वैद्यकशास्त्र हा शब्द जपून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’, म्हणजे डिजिटल खेळांच्या अनावर आहारी जाणे, या विकाराची नोंद आहे. ‘स्मार्टफोनचे व्यसन’ अशी स्वतंत्र नोंद मात्र नाही.

गेमिंगच्या विकारासाठी तिथे तीन खुणा दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. खेळ इतर सर्व कामांच्या आणि आवडींच्या पुढे जातो. नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते किंवा वाढते. ही स्थिती साधारणपणे बारा महिने टिकली, तरच विकार मानावा असे त्यात म्हटले आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी कोणत्याही वर्तनाच्या व्यसनाचे सहा घटक सांगितले आहेत. घरच्या भाषेत ते असे :

१. दिवसभर डोक्यात तोच विचार.
२. मन हलके करण्यासाठी त्याचाच आधार.
३. पूर्वी अर्ध्या तासात मिळणारे समाधान मिळायला आता दोन तास लागणे.
४. ते मिळाले नाही तर चिडचिड, बेचैनी.
५. त्यापायी घरी, अभ्यासात किंवा कामात खटके.
६. सोडल्यावर पुन्हा तिथेच परतणे.

या यादीत तासांचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे. एखादी मुलगी दिवसाला पाच तास मोबाइलवर असते. त्यात तीन तास क्लासचे व्हिडिओ, थोडे गाणे, थोड्या गप्पा. जेवायला हाक मारली की ती उठते. दुसरा मुलगा दोनच तास पाहतो, पण ते रात्री बारा ते दोन, चोरून, आणि कोणी टोकले की दार आपटतो. काळजी दुसऱ्याची अधिक करायला हवी. बहुतेक घरांतली मुले या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. त्यांना आजारी ठरवायचे कारण नाही आणि दुर्लक्ष करूनही चालणार नाही.

हे इथवर कसे आले?

ही ओढ एका दिवसात तयार झाली नाही. काही टप्पे सांगता येतात.

- २००६ : एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची रचना तयार केली. खाली सरकवत राहा, नवे येतच राहते. पुढे त्यांनीच या कल्पनेबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.
- २००७ : ॲपलचा पहिला आयफोन बाजारात आला.
- २००९ : फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले. आपण किती जणांना आवडलो, हे प्रथमच आकड्यात दिसू लागले.
- २०१६ : सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली. त्याआधी मोजूनमापून वापरला जाणारा डेटा भारतात एकदम स्वस्त झाला.
- २०२० : टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर आली. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या.

म्हणजे आज अठरा-वीस वर्षांचा असलेला मुलगा प्राथमिक शाळेत होता तेव्हा डेटा स्वस्त झाला, आणि तो किशोरवयाच्या उंबरठ्यावर असताना आपणच अभ्यासासाठी त्याच्या हातात फोन दिला. त्याला दोष देण्यापूर्वी हा क्रम ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

मेंदूत काय होते?

डोपामिन हे नाव आता सर्वांनी ऐकले आहे. ‘सुखाचे रसायन’ अशी त्याची ओळख करून दिली जाते, ती अपुरी आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग १९९०च्या दशकात गाजले. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतील डोपामिनच्या पेशी उत्तेजित होत. रसापूर्वी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी त्या पेशी रस मिळताना गप्प राहू लागल्या आणि दिवा लागताच उत्तेजित होऊ लागल्या. दिवा लागूनही रस दिला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाई. डोपामिनचा संबंध सुखापेक्षा अपेक्षेशी आणि अपेक्षाभंगाशी अधिक आहे, हे यातून दिसले. मोबाइलचा ‘टिंग’ आवाज हा तो दिवा आहे. संदेश वाचून फारसे सुख मिळत नाही, पण आवाज झाला की हात खिशाकडे जातो.

दुसरी गोष्ट बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून कळली. कबुतराने चोच मारली की दाणा मिळेल, अशी पेटी त्यांनी वापरली. दाणा कधी दोन टोच्यांनी, कधी वीस टोच्यांनी, असा बेभरवशाने मिळू लागला की कबुतरे न थांबता टोचत राहत. दाणा देणे बंद केल्यावरही ही सवय फार उशिरा सुटे. चार्ल्स फर्स्टर यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये हे काम ग्रंथरूपात मांडले.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. मुदत ठेव ठेवणारा खातेदार पावती कपाटात ठेवतो आणि मुदत संपली की येतो. व्याज किती मिळणार हे ठरलेले, मग रोज काय पाहायचे? तोच खातेदार शेअर घेतो तेव्हा दिवसातून दहा वेळा भाव बघतो. माणूस तोच आहे, फरक पडला तो मिळकतीच्या अनिश्चिततेने. रील्स ही अशीच अनिश्चित मिळकत आहे. पाच कंटाळवाण्या, सहावी मजेदार. आणि सहावी कुठली हे माहीत नसल्यामुळे अंगठा थांबत नाही.

तरुणांनाच ओढ जास्त का?

मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब, उद्या पेपर आहे’ असे सांगतो, तो साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. नवलाईची आणि बक्षिसाची ओढ मात्र किशोरवयातच जोरात असते. गाडीचा ॲक्सिलरेटर आधी बसवला आणि ब्रेक नंतर बसवायचे ठरवले, तशी ही अवस्था.

दुसरे कारण सोबत्यांचे. चौदा ते बावीस या वयात आई-बाबांच्या मतापेक्षा मित्रांचे मत मोठे असते. आपल्या वेळीही तसेच होते, पण तेव्हा तुलना वर्गातल्या चाळीस मुलांशी होई. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला : स्वतःची किंमत ठरवायला दुसरे माप नसेल, तर माणूस इतरांशी तुलना करतो. आज ही तुलना हजारो अनोळखी लोकांच्या निवडक, सजवलेल्या क्षणांशी होते. तिच्यात आपले साधे जीवन नेहमी मागेच पडणार.

तिसरे कारण भीतीचे. सगळे मित्र गटावर बोलत आहेत आणि आपण नाही, म्हणजे काहीतरी हुकले. तरुण मुले यालाच ‘फोमो’ म्हणतात. रात्री अकराला फोन बाजूला ठेवणारा मुलगा सकाळी कॉलेजात गेला की विनोद कशावर झाला तेच त्याला समजत नाही. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटते. त्या वयात ते नसते.

मोबाइल कोणती गरज भागवतो?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतातच : स्वतःच्या मर्जीने काही करता येणे, आपल्याला काहीतरी चांगले जमते असे वाटणे, आणि आपले कोणीतरी असणे.

आता आपल्याच शहरातल्या भंवरकुआँ भागातील कोचिंगच्या मुलांचा दिवस डोळ्यांसमोर आणू. सकाळी क्लास, दुपारी चाचणी, संध्याकाळी गुणांची यादी. वेळापत्रक दुसऱ्याने ठरवलेले, म्हणजे मर्जी नाही. यादीत नाव खाली, म्हणजे जमते असे वाटत नाही. मित्र हेच स्पर्धक, म्हणजे मोकळे बोलायला कोणी नाही. असा मुलगा रात्री मोबाइल उघडतो तेव्हा काय पाहायचे ते तो ठरवतो, खेळात पुढची पातळी गाठतो आणि खेळातला जोडीदार त्याला ‘वा भाऊ’ म्हणतो. तिन्ही गरजा एका तासात भागल्या. खोट्या नाण्याने का होईना, देणे चुकते झाले.

अशा मुलाचा फोन नुसता काढून घेतला, तर गरजा तशाच राहतात आणि त्या भागवण्याचे एकमेव साधन जाते. म्हणून पालकांनी आधी पाहावे की मूल फोन कधी उचलते. कंटाळा आला की? पुस्तक उघडले की? घरात आवाज चढले की? एकटे असले की? आठवडाभर न बोलता नुसते निरीक्षण केले, तरी पुष्कळ कळते.

नुकसान किती?

येथे आम्ही घाबरवू इच्छित नाही. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे सर्वसाधारण मुलासाठी ‘मोबाइलने पिढी बरबाद झाली’ हे विधान टिकत नाही. पण शाखेतील खात्यांची सरासरी शिल्लक चांगली असली, म्हणून एखाद्याचे खाते रिकामे झालेले नसते असे नाही. आपल्याला काळजी आपल्या घरातल्या खात्याची.

झोपेचे नुकसान समजायला सोपे आहे. अमेरिकेतील एका प्रयोगात बारा निरोगी प्रौढांना झोपण्यापूर्वी काही दिवस उजेड असणाऱ्या पडद्यावर आणि काही दिवस छापील पुस्तकात वाचायला दिले. पडद्यावर वाचले तेव्हा झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा तयार झाले, झोप लागायला वेळ लागला आणि सकाळी तरतरी कमी वाटली. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकलेली असते. त्यात रात्रीचा मोबाइल आणि सकाळी सातची शाळा, मग वर्गात जांभया येणारच.

लक्ष तुटते हेही खरे. कॅलिफोर्नियातील ग्लोरिया मार्क यांनी लोक संगणकाच्या एका पडद्यावर किती वेळ टिकतात हे मोजले. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटे होती. अलीकडच्या वर्षांत ती ४७ सेकंदांवर आली. ही मोजणी मुख्यतः नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांची आहे. तेव्हा लक्ष न लागणे हा फक्त मुलांचा दोष म्हणता येत नाही.

आपल्या घरांचे वेगळे नुकसान

पुण्या-नाशिकच्या घराला जे नुकसान होत नाही, ते आपल्याला होते. तिथे मूल मोबाइलमध्ये बुडाले तरी रस्त्यावर, दुकानात, शाळेत मराठी त्याच्या कानावर पडतेच. इंदूरमध्ये शाळा हिंदी किंवा इंग्रजी, मित्र हिंदी, बाजार हिंदी. मराठी उरते ती जेवणाच्या वेळी, आजीच्या बोलण्यात, आत्या-मावशीच्या फोनवर. दिवसाकाठी तासभर चालणाऱ्या या गप्पांवर आपल्या पूर्वजांनी होळकरांच्या काळापासून घरातली भाषा टिकवली.

मोबाइल नेमका हाच तास घेतो. रात्रीच्या जेवणाला चार माणसे आणि चार पडदे असले, तर त्या दिवशी मुलाच्या कानावर मराठीची दहा वाक्येही पडत नाहीत, आणि त्यातली निम्मी ‘जेव’, ‘ठेव तो फोन’, ‘झोप आता’ अशी असतात. मग मराठी ही त्याच्यासाठी रागावण्याची भाषा होते आणि हिंदी-इंग्रजी ही हसण्या-खेळण्याची. पुढे तो मराठी बोलत नाही म्हणून आपण खंत करतो.

काय केल्याने उलटे होते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की स्वातंत्र्य हिरावले जाते असे वाटले की माणसाला तीच गोष्ट अधिक हवीशी होते. फोन हिसकावणे, पाहुण्यांसमोर बोलणे, शर्माजींच्या मुलाशी तुलना करणे, यांनी नेमके हेच घडते. मूल फोन सोडत नाही, लपवायला शिकते. चोरून वापर सुरू झाला की अडचण आल्यावर मूल आपल्याकडे येईल ही शक्यताही कमी होते, आणि ते जास्त धोक्याचे आहे.

आणखी एक. वडील जेवताना व्हॉट्सॲप पाहत असतील आणि आजोबा मोठ्या आवाजात व्हिडिओ लावत असतील, तर मुलाला सांगितलेला नियम टिकत नाही.

काय करून पाहावे?

१. आकडे एकत्र पाहा. फोनमध्येच रोजच्या वापराची नोंद असते. रविवारी घरातल्या सर्वांनी, मोठ्यांनीही, आपापली नोंद पासबुकासारखी समोर ठेवावी. शेरे मारू नयेत.

२. सूचनांचे आवाज बंद करा. फोन आणि खऱ्या माणसांचे संदेश सोडून बाकी ॲपना आवाजाची परवानगी नको. दिवा लागला नाही, तर ओढही कमी होते.

३. चार्जर झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा, सर्वांचे. गजरासाठी साधे घड्याळ आणा.

४. ‘कमी वापरीन’ असा मोघम संकल्प टिकत नाही. ‘ताट वाढले की फोन दिवाणखान्यात ठेवीन’ असा वेळ आणि जागा ठरलेला संकल्प अधिक टिकतो, हे पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे.

५. नियम मुलाला करू द्या. त्याने ठरवलेले पंचेचाळीस मिनिटे तुम्ही लादलेल्या तीस मिनिटांपेक्षा बरे.

६. रिकाम्या जागी काहीतरी ठेवा. ढोल-ताशा, क्रिकेट, नाटकाची तालीम, स्वयंपाकघरात एक पदार्थ. ज्यात हात गुंततात, सोबत माणसे असतात आणि ‘मला जमले’ असे वाटते, ते चालते.

सर्वांनी मिळून करण्याचा फायदा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवला. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. यामागचे मानसशास्त्र सरळ आहे : सगळ्यांचेच फोन बंद असले, तर काही हुकण्याची भीती उरत नाही. एकट्या घराने हे केले तर मुलाला शिक्षा वाटते. दहा घरांनी केले तर ती रीत होते.

तज्ज्ञांकडे कधी जावे?

झोप, जेवण, आंघोळ यांची घडी मोडली. गुण अचानक घसरले. मित्रांना भेटणे बंद झाले. फोन काढताच मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा सुरू झाली, तर वाट पाहू नये. पुष्कळदा मोबाइलच्या आड नैराश्य किंवा चिंतेचा विकार असतो आणि त्यावर उपचार झाले की मोबाइलही सुटू लागतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र क्लिनिक चालते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

मुलाच्या खात्यातून छोट्या रकमा वारंवार जात असतील, तर तिकडेही लक्ष द्यावे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, तरी लपूनछपून चालणारे मार्ग संपतातच असे नाही. महिन्याचे खाते-विवरण मुलासोबत बसून वाचावे. चौकशी केल्यासारखे नको. हिशेब शिकवल्यासारखे वाचावे.

मंडळाकडून

आमची सूचना साधी आहे. आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ, सोयीची असेल ती, सात ते साडेआठ फोन बंद ठेवून घरात मराठी बोलावे. शेजारच्या एका मराठी घरालाही सामील करावे. पत्ते खेळा, आजोबांकडून जुन्या राजवाड्याच्या गोष्टी ऐका, नुसत्या थट्टा करा. पहिल्या एक-दोन वेळा मुले घड्याळ पाहतील, आणि मोठेही. त्याने हिरमुसू नये. तीन महिन्यांनी जमलेल्या घरांनी काय जमले आणि काय नाही ते मंडळाला कळवावे, म्हणजे इतरांना त्याचा उपयोग होईल.